नेहमीचा निवेदक

व्होल्गाकाठच्या त्या शहरात घरोघरी हीटिंगचं बटण नसतं. साऱ्या शहराला गरम पाणी एकाच ठिकाणाहून येतं. शरदात एका दिवशी ते सुरू होतं आणि वसंतात एका दिवशी बंद होतं. दिवस पालिका ठरवते आणि रेडिओवर सांगते. मी त्या शहरात कधी गेलो नाही. पण ओळीने अकरा वर्षं मेडनहेडजवळच्या एका ऑफिसात कानाला हेडफोन लावून मी तो दिवस नोंदवला, कारण तेच माझं काम होतं.

कामाचं नाव मॉनिटरिंग. परदेशी रेडिओ केंद्रं ऐकायची, काय ऐकलं त्याचा इंग्रजीत सारांश करायचा. सरकारी खाती, वर्तमानपत्रं, विद्यापीठं आणि थोड्या कंपन्या वर्गणी भरून हे सारांश घेत. ओळखीच्या मराठी मंडळींना हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: म्हणजे हेरगिरी का? हेराला जे मिळवावं लागतं ते आमच्याकडे आपोआप येई. कुणालाही ऐकता येईल, पण ऐकायला कुणाला वेळ नाही, असं बोलणं ऐकण्याचा मला पगार मिळे.

रशियन मी पुण्यात शिकलो. मुंबईत एका वृत्तसंस्थेच्या डेस्कवर काही वर्षं तारा अनुवादित केल्या आणि एका जाहिरातीला अर्ज करून इंग्लंडला आलो. शिफ्टचा प्रमुख रॉजर याने पहिल्या दिवशी नियम सांगितला. "जे ऐकलं ते लिही. जे ऐकलं नाही ते लिहू नकोस." बातमीच्या धंद्यातून आलेल्याला हा नियम लगेच पटतो. मलाही पटला. त्यात काय वगळलं जातं हे कळायला मला निवृत्त व्हावं लागलं.

रशियात फक्त रशियन राहतात असं आपण धरून चालतो. त्या देशात दीड-दोन डझन प्रजासत्ताकं आहेत, नावाला स्वतंत्र घटना असलेली, आणि त्यांतल्या अनेकांना आपापली भाषा आहे. मी ऐकत होतो ते केंद्र अशाच एका प्रजासत्ताकाचं. त्याचं आणि भाषेचं नाव इथे देत नाही. बोलणारे थोडे आहेत, नावावरून माणसापर्यंत पोचता येतं. माणसांची नावंही बदलली आहेत. रशियनशी त्या भाषेचं काही नातं नाही. शहरात तिला स्वयंपाकघरातली भाषा म्हणत. माणूस बसमध्ये चढला की ती बोलणं थांबवतो, असं मला पुढे कुणीतरी सांगितलं.

केंद्रावर दुपारी बाराला रशियन बातम्या लागत आणि बारा दहाला तिथल्या भाषेतल्या. इथे तेव्हा उन्हाळ्यात सकाळचे दहा दहा, हिवाळ्यात नऊ दहा. इथली घड्याळं बदलतात, तिथली बदलत नाहीत. दोन्ही बातमीपत्रांत बातम्या साधारण त्याच असत, त्यामुळे आधी रशियन ऐकून नंतर दुसरं ऐकत ऐकत मी ती भाषा कामापुरती शिकलो. शब्दकोश जुना आणि अपुरा होता. माझा खरा शब्दकोश म्हणजे एक माणूस, मिक्ले. कागदोपत्री तो निकोलाय. पण माइकसमोर तो तिथल्या रीतीने स्वतःची ओळख देई: "आज मंगळवार. मी मिक्ले, वरच्या गावच्या याकूचा मुलगा." मग बातम्या, मग मधमाश्या आणि लिंडनच्या झाडांची खबर, कारण तिथला मध प्रसिद्ध आहे, आणि शेवटी नदीची पातळी. हिवाळ्यात बर्फाची जाडी. पातळी सांगितल्याशिवाय त्याने बातमीपत्र संपवलं असं अकरा वर्षांत एकदाही झालं नाही. त्याची खुर्ची कशी करकरते, वाक्याआधी तो श्वास कसा घेतो आणि त्याच्यामागे भिंतीवरचा हीटिंगचा पाइप कसा ठोके देतो, हे मला पाठ होतं. तीन-चार ठोके, मग थोडं थांबून एक.

या बातमीपत्राचं आमचं एकच खाजगी गिऱ्हाईक होतं. साउथहॅम्प्टनला मध आयात करणारा ह्यू नावाचा म्हातारा. त्याला राजकारणाशी देणंघेणं नव्हतं, फक्त लिंडन कधी फुलतो ते हवं असे. सारांश पोचायला तासभर उशीर झाला की त्याचा फोन. "काय रे, तुमचा मिक्ले आज झोपला की तू?" ऑफिसात आम्ही त्याला मधमाशी म्हणत असू.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, फेब्रुवारीत, मिक्लेने एक नवी गोष्ट सुरू केली. शाळांमध्ये तिथली भाषा पूर्वी सगळ्यांना असे. कायदा बदलला आणि ती ऐच्छिक झाली. पालकांनी लेखी मागितली तर तास, नाही तर नाही. लेखी मागणाऱ्याला मुख्याध्यापक बोलावून घेत. मिक्ले यावर काही बोलला नाही. नदीच्या पातळीआधी तो रोज एका गावाचं नाव घेई आणि म्हणे, "इथल्या शाळेत आता आपला तास नाही." एवढंच. मी ते नोंदवत होतो. मार्चअखेरीपर्यंत रोज एक गाव. रॉजर म्हणाला, "हा माणूस फार दिवस राहत नाही." मला मात्र तसं वाटलं नाही, कारण मिक्ले राहिला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गावांची नावं थांबली, पण आवाज तोच होता. मी लिहिलं, "नेहमीचा निवेदक. उल्लेखनीय काही नाही." तेव्हापासून सप्टेंबरात निवृत्त होईपर्यंत जवळजवळ रोज मी तेच वाक्य लिहिलं. आमच्याकडे ते वाक्य टाइप करायला एक शॉर्टकट होता.

जुलैत ह्यूचा फोन आला. "तुमचा मिक्ले म्हणतो लिंडनच्या कळ्या अजून बंद आहेत. माझा तिथला माणूस म्हणतो पोळी भरत आली. खरं कोण?"

मी म्हणालो, "ह्यू, तो काय म्हणतो ते आम्ही कळवतो. खरं काय ते कळवत नाही."

"मग वर्गणी कशाची घेता?" असं म्हणून त्याने फोन ठेवला. मी हा किस्सा रॉजरला सांगितला. आम्ही हसलो.

निवृत्तीनंतर अधूनमधून मी दुभाष्याचं काम करत असे. पुढच्या फेब्रुवारीत मीनलचा फोन आला. मीनल इथेच जन्मलेली, आमच्या मराठी मंडळातल्या जुन्या मित्राची मुलगी, हाउन्सलोला इमिग्रेशनची वकिली करते.

"काका, तुमचा रशियन अजून चांगली आहे ना? एक क्लायंट आहे. तिचा असायलम रिफ्यूज झाला, आता अपील आहे. इंटरप्रीटर येतो तो खूप फास्ट बोलतो, ती घाबरते."

"रशियन आहे का ती?"

"पासपोर्ट रशियन आहे. ती सेज ती रशियन नाहीये. तुम्ही या ना, प्लीज."

एलिझाबेथ लाइनने हेजला उतरून बसने हाउन्सलोला गेलो. बाई तिशीची होती. विमानतळाजवळच्या मालाच्या गोदामात पार्सलं स्कॅन करी, तिथलं केशरी जॅकेट मांडीवर घडी करून बसली होती. नाव अलीना. आश्रय मागण्यामागचं तिचं म्हणणं थोडक्यात असं. ती दोन वर्षांपूर्वी शिकायला इथे आली. गेल्या एप्रिलात तिच्या वडिलांना कामाच्या ठिकाणाहून काही लोक घेऊन गेले. तेव्हापासून पत्ता नाही. आई नाही. शेजारणीने निरोप दिला की घरी मुलीचीही चौकशी झाली, परत येऊ नकोस. वडील काय करतात, मी विचारलं. ती म्हणाली, रेडिओवर बोलतात.

मी वर बघितलं नाही. मीनलने गृहखात्याचं नकाराचं पत्र पुढे सरकवलं. त्यात लिहिलं होतं की अर्जदाराचे वडील बेपत्ता असल्याचा दावा मान्य करता येत नाही, कारण ते त्या संपूर्ण काळात रोज प्रसारण करत होते. आधार म्हणून एका मॉनिटरिंग सेवेच्या नोंदी जोडल्या होत्या. तारखेपुढे तारीख, पाच पानं. प्रत्येक ओळीत एकच वाक्य. "नेहमीचा निवेदक. उल्लेखनीय काही नाही."

दुसऱ्याने उद्धृत केलेलं आपलं वाक्य वाचणं बातमीदाराला नवं नसतं. पाच पानं मी सावकाश वाचली, मग सांगितलं की या नोंदी मी केल्या आहेत. मीनल इंग्रजीत काहीतरी बोलली, ते इथे देण्यासारखं नाही. अलीनाने ती पाच पानं स्वतःकडे ओढली. मग रशियनमध्ये विचारलं, "तुम्हाला आमची भाषा येते?"

"तुमच्या वडिलांकडून जेवढी आली तेवढी."

"मग त्यांनी नदीची पातळी सांगितली का? एप्रिलनंतर?"

मी आठवायचा प्रयत्न केला. आठवण्यासारखं काही नव्हतं. सांगितलं असतं तर नोंदीत आलं असतं. सांगितलं नव्हतं, म्हणून काहीच आलं नव्हतं.

आमच्या ऑफिसात ध्वनिमुद्रणं थोडेच दिवस ठेवत. अलीनाकडे मात्र सगळी होती. केंद्राच्या वेबसाइटवरून तिने रोजचं बातमीपत्र फोनवर उतरवून ठेवलं होतं, एप्रिलपासून त्या दिवसापर्यंतचं. ती ते रोज ब्रेकमध्ये ऐके. "ते बोलत नाहीयेत हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं," ती म्हणाली. "पण आवाज तर त्यांचाच आहे. न ऐकता कसं राहू?"

पुढचे तीन आठवडे मी मेडनहेडला घरी बसून ती बातमीपत्रं ऐकली. या वेळी शब्दांकडे लक्ष न देता. जुलैतला एक मंगळवार घ्या. खुर्ची करकरते, श्वास, "आज मंगळवार. मी मिक्ले, वरच्या गावच्या याकूचा मुलगा." मागे पाइप ठोके देतो, तीन, मग एक. पुढच्या वाक्यात लिंडनच्या कळ्या येतात आणि पाइप थांबतो. खिडकीबाहेर कुठेतरी गवत कापायचं यंत्र चालू असतं. मग दुधाचे भाव, आणि पाइप पुन्हा सुरू. एका वाक्यात हिवाळा, दुसऱ्यात उन्हाळा, पुन्हा हिवाळा. सांधे इतके सफाईदार की अर्थ ऐकणाऱ्याला कळू नयेत, आणि मी अर्थच ऐकत होतो.

शहराचं हीटिंग त्या वर्षी मेच्या सुरुवातीला बंद झालं होतं. हे मला नक्की माहीत होतं, कारण रशियन बातमीपत्रातून ते मीच नोंदवलं होतं. त्या दिवसाच्या पानावर, "नेहमीचा निवेदक"च्या चार ओळी वर.

मग मी वार लावून ऐकायला घेतले. साऱ्या सोमवारांचं "आज सोमवार" एकच होतं. तोच श्वास, तीच करकर. मंगळवारांचंही तसंच. सात वार, सात तुकडे. कुणीतरी जुन्या फिती उघडून एका माणसाचा आठवडा बनवला होता, तो फिरवत ठेवला होता आणि त्याला ऋतूशी साधारण जुळतील अशी जुनी वाक्यं जोडली होती. नदीची पातळी तेवढी वगळली होती, कारण ती रोज बदलते. कारण अंदाजाने सांगतो: त्या भाषेत ठरावीक मिनिटं प्रसारण करणं केंद्राला भाग असावं आणि ती अस्खलित वाचणारा दुसरा कुणी उरला नसावा. भाषेचा तास शाळेतून गेला की काही वर्षांनी निवेदक मिळत नाही. मिक्ले तेच तर सांगत होता.

गुरुवारच्या तुकड्यात आणखी एक आवाज होता. "आज गुरुवार" म्हटल्यावर मागे दार उघडतं, आणि मिक्ले माइकपासून तोंड वळवून हळूच एक शब्द बोलतो. त्याचा अर्थ "आलोच". माझ्या हिशेबाने हा उत्तम पुरावा होता, कारण दार दर गुरुवारी त्याच सेकंदाला उघडत होतं. हाउन्सलोला मीनलच्या ऑफिसात मी तो ऐकवला.

अलीना म्हणाली, "ती मी आहे."

"म्हणजे?"

"शाळेत होते तेव्हा गुरुवारी अर्धा दिवस असायचा. मी बाबांचा डबा घेऊन जायची. आत लाल दिवा असला तरी दार ढकलायची. ते रागवायचे नाहीत, आलोच म्हणायचे." तिने जॅकेटची घडी उलगडून पुन्हा घातली. "आता दर गुरुवारी मी आत जाते आणि ते आलोच म्हणतात."

मीनलला मी भाषांतर करून सांगितलं. ती पेन घेऊन पुढे सरकली. "काका, हा तर अमेझिंग एव्हिडन्स आहे! ती स्वतः सांगेल, दॅट्स मी!"

अलीनाला भाषांतराची गरज पडली नाही. "नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "पाइप द्या. दार देऊ नका."

मीनलने तिला दोनदा समजावलं. अपील हरलो तर परत पाठवतील, हेही सांगितलं. अलीनाचं उत्तर तेच. माझ्या जबानीत मी वार लिहिले, श्वास लिहिला, पाइप लिहिला. दाराचा उल्लेख नाही. ऐकलेली गोष्ट मुद्दाम न लिहिण्याची माझी ती पहिली वेळ. इथे लिहितो आहे ते अलीनाला विचारून.

रॉजरला फोन केला. तो म्हणाला, "आपली नोंद चुकीची होती असं म्हणू नकोस. निवेदक नेहमीचाच होता की नाही?"

"होता."

"मग?"

"रॉजर, तो तिथे नव्हता."

"ते आपण कधीच लिहीत नव्हतो," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

सुनावणी मार्चअखेरीस झाली. सरकारी बाजूच्या वकीलबाई सौम्य आणि तयारीच्या होत्या. त्यांनी विचारलं, "पाइपचा आवाज जुलैतही तुमच्या कानावर पडत होता?"

"हो."

"अकरा वर्षं तुम्ही तो ओळखत होतात. मग नोंदवला का नाही?"

"तो बातमी नव्हता."

"आणि आज आहे?"

"तेव्हाही होता. माझी नोंद अपुरी होती. त्या नोंदीवरून हा माणूस तिथे होता असा निष्कर्ष निघत नाही." आयुष्यभर ज्या कामाचा अभिमान बाळगला त्याबद्दल मी शपथेवर हे वाक्य बोललो. न्यायाधीशांनी मग दोन मंगळवार लागोपाठ ऐकले. हेडफोन काढल्यावर त्यांनी कोर्टातल्या रेडिएटरकडे पाहिलं. तो बंद होता.

निकाल महिन्याभराने आला. अपील मंजूर. मीनलने फोनवर आनंदाने आरडाओरडा केला आणि आम्हाला बोलावून केक कापला. निकालाची बारा पानं मी अलीनाला रशियनमध्ये सांगत होतो. एका ठिकाणी तिने थांबवलं.

"म्हणजे कोर्टाने मानलं की ते तिथे नाहीत."

"हो."

"मग कुठे आहेत ते लिहिलंय?"

मी पुढची पानं चाळली. उत्तर माहीत असूनही चाळली. "नाही."

तिने केकची बशी खाली ठेवली. राहायची परवानगी मिळवायला तिला वडील तिथे नसल्याचं सिद्ध करावं लागलं होतं, आणि ते सिद्ध करण्यात माझा वाटा होता. त्यानंतर तिने बातमीपत्र ऐकणं सोडलं. निघताना मला म्हणाली, "आता तुम्ही ऐका, काका." मीनल म्हणते म्हणून तीही काका म्हणते. "काही बदललं तर फोन करा."

त्याला दीड वर्ष होऊन गेलं. मी ऐकतो. सकाळी चहा घेऊन बसतो, घड्याळं बदलली की वेळ बदलतो. वही जुन्या पद्धतीचीच आहे, फक्त आता तिला दोन रकाने आहेत: ऐकलेलं आणि न ऐकलेलं. ऑक्टोबरात त्या शहरात हीटिंग सुरू होतं आणि तिथून पुढे सगळं जुळतं. बाहेर बर्फ, मागे पाइप, माइकसमोर माणूस. डिसेंबर-जानेवारीतला एखादाच दिवस ऐकला तर त्या आवाजात असं काही नसतं जे खोटं ठरवता येईल. तेवढा एकच दिवस ऐकवून मला कोर्टात उभं केलं असतं तर मला काही सांगता आलं नसतं. फेब्रुवारीच्या एका सकाळी तो "मी मिक्ले" म्हणाला, आणि माझ्या तोंडून नकळत तिथल्या भाषेत उत्तर गेलं. घरात दुसरं कुणी नव्हतं.

अलीनाचा फोन वर्षातून एकदाच येतो. या मेमध्ये आला, सकाळी अकराच्या सुमाराला, मागे गोदामातल्या गाड्यांचे भोंगे वाजत होते.

"काका, आज तिकडे हीटिंग बंद झालं."

"हो. बाराच्या बातम्यांत सांगितलं."

"मग? नंतर?"

"पाइप वाजत होता."

 तिने विचारलं, "आज गुरुवार आहे ना?"

"हो."

"दार?"

"उघडलं."

"ठीक आहे," ती म्हणाली. "शिफ्ट आहे, जाते."

फोन ठेवून मी वही ओढली आणि तारखेपुढे नोंद पुरी केली. ऐकलेलं: पाइप, दार, "आलोच". न ऐकलेलं: नदीची पातळी.